मत्सर, विरह आणि विनोद : वत्सगुल्माच्या प्राकृत परंपरेपासून मराठी चित्रपटापर्यंत

प्रास्ताविक

प्रेमातील मत्सर आणि प्रेमभंग हे मुळात दुःखाचे विषय आहेत. तरीही जगातील बहुतेक भाषांनी या दुःखावर विनोदी रचना केल्या आहेत. विसाव्या शतकात चित्रपट या माध्यमाने हाच विषय उचलला आणि हसता हसता अस्वस्थ करणारी, काळी छटा असलेली प्रणयसुखात्मिका हा प्रकार रूढ झाला. हा प्रकार पाश्चात्त्य असून मराठी चित्रपटाने तो उसना घेतला, असा सर्वसाधारण समज आढळतो. वाशीम जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासाकडे पाहिल्यास हा समज तपासून घ्यावा लागतो. मत्सरग्रस्त पत्नी, चोरटे प्रेम आणि त्यातून उद्भवणारी फसवणूक यांवरील एका महत्त्वाच्या प्राकृत सुखात्मिकेची नायिका ज्या नगरीतून आणली जाते, ती नगरी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम होय. वाशीम तालुक्यातील अनसिंग व परिसरातील गावांच्या दृष्टीने हा वारसा परका नाही.

प्रस्तुत निबंधात या परंपरेतील काही ठळक टप्प्यांचा विचार केला आहे. मत्सरावरील विनोदाचा शेवट लेखकाच्या प्रतिभेइतकाच तत्कालीन विवाहविषयक कायदा व रूढी यांनी ठरतो, हे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्या हास्याची किंमत कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे.

वत्सगुल्म आणि मानिनी सत्यभामा

इसवी सनाच्या चौथ्या शतकात वाकाटक घराण्याच्या एका शाखेने वत्सगुल्म येथे राजधानी स्थापन केली. या शाखेचा मूळ पुरुष सर्वसेन होय. त्याचा पुत्र द्वितीय विंध्यशक्ती याचा ताम्रपट १९३९ मध्ये वाशीम येथे उपलब्ध झाला. त्यातील वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानविषयक भाग प्राकृतात आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या संशोधनामुळे या शाखेचा इतिहास सुस्थिर झाला. राजकीय इतिहासात सर्वसेनाचा उल्लेख संस्थापक म्हणून होतो. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत मात्र तो कवी म्हणून ओळखला जातो. त्याने ‘हरिविजय’ हे प्राकृत महाकाव्य रचले. ते आज समग्र उपलब्ध नाही. आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’त त्याचा गौरवाने उल्लेख केला असून कुंतकाने सर्वसेनाचे नाव कालिदासाच्या जोडीने घेतले आहे.

‘हरिविजया’चा विषय पारिजातहरणाचा आहे. रुसलेल्या सत्यभामेची समजूत घालण्यासाठी श्रीकृष्ण इंद्राकडून पारिजात वृक्ष आणतो. म्हणजे एका राजाने लिहिलेल्या विजयकाव्याच्या मुळाशी एका पत्नीचा सवतीमत्सर आहे. महाराष्ट्राच्या लोकमानसात या कथेला पुढे जोड मिळाली. वृक्ष सत्यभामेच्या अंगणात लावला जातो, पण फुले मात्र रुक्मिणीच्या अंगणात पडतात. मागणी तर पूर्ण झाली, पण मन रितेच राहिले, हा या कथेतील विनोद कडवट आहे. बहुपत्नीत्व गृहीत धरलेल्या समाजात मत्सरावर दोनच उपाय संभवत होते : देणगी देऊन समजूत घालणे किंवा फसवणूक करणे. सर्वसेनाने पहिला उपाय काव्याचा विषय केला. दुसरा उपाय राजशेखराच्या कृतीत आढळतो.

‘कर्पूरमंजरी’ : फसवलेल्या राणीची सुखात्मिका

राजशेखर हा इ. स. ९०० च्या सुमारास कनौजच्या प्रतिहार राजांच्या आश्रयास होता. आपल्या घराण्याचा महाराष्ट्राशी असलेला संबंध तो अभिमानाने सांगतो. ‘काव्यमीमांसे’त त्याने काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील वत्सगुल्म नगरीत लावला असून त्या नगरीला मदनाचे क्रीडास्थान मानले आहे. वात्स्यायनाच्या ‘कामसूत्रा’तही अंतःपुरातील व्यवहारांच्या संदर्भात वत्सगुल्माचा निर्देश येतो. प्राचीन वाङ्मयात या नगरीची प्रतिमा शृंगाराशी निगडित होती, हे यावरून स्पष्ट होते.

राजशेखराची ‘कर्पूरमंजरी’ ही संपूर्ण प्राकृतात रचलेली चार जवनिकांतरांची नाट्यकृती आहे. या प्रकाराला सट्टक म्हणतात. तिचा पहिला प्रयोग राजशेखराची विदुषी पत्नी अवंतिसुंदरी हिच्या इच्छेवरून झाल्याचे प्रस्तावनेत सांगितले आहे. मद्यमांसाचे उघड समर्थन करणारा भैरवानंद नावाचा तांत्रिक राजा चंडपालाच्या दरबारी येतो आणि काहीही करून दाखवण्याची फुशारकी मारतो. तेव्हा विदूषक दक्षिणापथातील वच्छोम नगरीत पाहिलेल्या एका सुंदर कन्येची आठवण काढतो. वच्छोम हे वत्सगुल्माचे प्राकृत रूप आहे. भैरवानंद मंत्रबळाने त्या कन्येला, कर्पूरमंजरीला, दरबारात आणतो. ती राणी विभ्रमलेखेची मावसबहीण निघते आणि राणी तिला आपल्याकडे ठेवून घेते.

पुढे राजा तिच्यावर लुब्ध होतो, राणीचा मत्सर जागृत होतो आणि कर्पूरमंजरी पहाऱ्यात ठेवली जाते. प्रेमिकांची भेट भुयारातून होते. अखेरीस भैरवानंद गुरुदक्षिणा म्हणून राणीकडूनच एक वचन घेतो. राजाचा विवाह घनसारमंजरी नावाच्या राजकन्येशी लावून द्यावा, म्हणजे तो चक्रवर्ती होईल, असे तो सांगतो. घनसार आणि कर्पूर हे समानार्थी शब्द आहेत, हे प्रेक्षकाला कळते, राणीला कळत नाही. विवाहस्थानी कर्पूरमंजरी दिसताच ती संशयाने बंदिवासाकडे धावते, तोवर कर्पूरमंजरी भुयारातून परत पोहोचलेली असते. डोळ्यांनी पाहिलेले खरे असूनही राणीला स्वतःचाच भ्रम वाटू लागतो. विवाह पार पडतो.

या नाट्यकृतीकडे केवळ शृंगारप्रधान मनोरंजन म्हणून पाहिले जाते. तथापि, हास्याची रचना कशावर उभी आहे हे पाहणे आवश्यक आहे. राणीचा संशय शंभर टक्के खरा आहे. ती मूर्ख ठरते ती सत्य ओळखल्यामुळे. आपल्या पतीचा दुसरा विवाह तिने स्वतःच्या हाताने लावून द्यावा, हा येथील विनोदाचा कळस आहे. द्विभार्याविवाह धर्म्य मानला जात असल्याने राजाला काहीही गमवावे लागत नाही. उलट त्याला पत्नी आणि चक्रवर्तिपद दोन्ही मिळते. किंमत मोजते ती एकटी राणी.

देवलांचे परिवर्तन : सवतीऐवजी संशय

आधुनिक मराठी रंगभूमीवर मत्सराची दोन रूपे एकाच नाटककाराने आणली. गोविंद बल्लाळ देवल यांनी शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून ‘झुंजारराव’ हे नाटक १८९० मध्ये लिहिले, आणि १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे गद्य प्रहसन दिले. या प्रहसनाला पुढे पदांची जोड मिळून ‘संगीत संशयकल्लोळ’ सिद्ध झाले. गंधर्व नाटक मंडळीने ते १९१६ मध्ये, देवलांच्या निधनानंतर, रंगभूमीवर आणले. त्याचे मूळ आर्थर मर्फी यांच्या ‘ऑल इन द राँग’ (१७६१) या इंग्रजी नाटकात व त्यामागे मोलिएरच्या ‘स्गानारेल’ (१६६०) या फ्रेंच प्रहसनात आहे.

शोकांतिकेत नायकाच्या संशयाला पुरावा म्हणून रुमाल पुरतो. प्रहसनात तसबीर पुरते. भर रस्त्यात भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो आणि त्याची पत्नी कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. रेवतीच्या हातून पडलेली आश्विनशेठची तसबीर कृत्तिकेला सापडते आणि ती पाहताना फाल्गुनराव तिला गाठतो. दोघांनाही पुरावा मिळतो, पण दोघांचाही निष्कर्ष चुकीचा ठरतो.

देवलांनी केलेला बदल येथे लक्षात घेण्याजोगा आहे. या नाटकात सवत नसून सवतीचा भास आहे. पती आणि पत्नी समान प्रमाणात संशयी असून समान प्रमाणात हास्यास्पद ठरतात. ज्या काळी हिंदू पुरुषाला दुसरे लग्न करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती, त्या काळी देवलांनी कथेच्या शेवटी दुसरे लग्न येऊ दिले नाही. रेवती ही नायकिणीच्या घरातील मुलगी आहे आणि तिचे आश्विनशेठशी होणारे लग्न हेच या नाटकाचे मंगल पर्यवसान आहे. ‘शारदा’ (१८९९) लिहिणाऱ्या नाटककाराची विवाहसुधारणेची दृष्टी या प्रहसनातही दिसते.

कायदा आणि चित्रपटाचा शेवट

बोलपटाच्या काळात कायद्याचा प्रश्न अधिक उघड झाला. प्रभात फिल्म कंपनीचा ‘कुंकू’ (१९३७) हा व्ही. शांताराम दिग्दर्शित चित्रपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारित होता. वृद्धाशी फसवून लग्न लावलेली नीरा पतीला पती म्हणून स्वीकारत नाही. त्या काळी हिंदू विवाहात घटस्फोटाची सोय नव्हती. त्यामुळे कथेला एकच वाट उरली : पतीने आत्महत्या करून तिला मुक्त करणे. हा चित्रपट सुखात्मिका नाही, परंतु कायद्याने बंद केलेली वाट कथेला मृत्यूकडे कशी नेते, याचे तो उत्तम उदाहरण आहे.

अशा कोंडीतून विनोदही निर्माण होतो, हे इटलीतील पिएत्रो जेर्मी यांच्या ‘डिव्होर्स इटालियन स्टाइल’ (१९६१) या चित्रपटाने दाखवले. इटलीत तेव्हा घटस्फोटाचा कायदा नव्हता, पण दंडसंहितेच्या कलम ५८७ नुसार अब्रूसाठी केलेल्या हत्येला सौम्य शिक्षा होती. सिसिलीतील एका सरदाराला तरुण नातलग मुलीशी लग्न करावयाचे असते. म्हणून तो आपल्या पत्नीला तिच्या जुन्या प्रियकराकडे ढकलण्याचा डाव रचतो, म्हणजे तिची हत्या ‘अब्रूसाठी’ ठरेल. इटलीत घटस्फोटाचा कायदा १९७० मध्ये आला व कलम ५८७ हे १९८१ मध्ये रद्द झाले. राजा चंडपालाला धर्मशास्त्राची अनुकूलता होती, तर या सरदाराला दंडसंहितेतील पळवाट. दोन्ही ठिकाणी हास्याच्या तळाशी पत्नीचा बळी आहे.

भारतात हिंदू विवाह कायदा १९५५ मध्ये झाला. मुंबई प्रांतात द्विभार्याप्रतिबंधक कायदा १९४६ पासूनच होता. वाशीमसह वऱ्हाड मात्र मध्यप्रांतात असल्याने येथे निर्णायक बदल १९५५ च्या कायद्याने घडला. यानंतर ‘कर्पूरमंजरी’सारखा शेवट मराठी कथेला कायदेशीरपणे शक्य राहिला नाही. विषय मात्र संपला नाही. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात स्मिता तळवलकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘सवत माझी लाडकी’ हा त्याचा पुरावा होय. मोहन जोशी, नीना कुळकर्णी आणि वर्षा उसगांवकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. प्रौढ डॉक्टर पती तरुण स्त्रीच्या प्रेमात पडतो. पत्नी आकांडतांडव करीत नाही. ती त्या स्त्रीला आपणहून घरात आणते आणि संसार म्हणजे काय, याचा अनुभव तिला घेऊ देते.

‘कर्पूरमंजरी’ आणि हा चित्रपट यांची कथारचना जणू आरशातील प्रतिबिंबासारखी आहे. दोन्हींत पत्नीच सवतीला घरात घेते. राणी विभ्रमलेखा मात्र दुसऱ्याच्या डावातील सोंगटी आहे, तर या चित्रपटातील पत्नी डाव स्वतः मांडते. प्रेक्षक पत्नीला न हसता तिच्यासह हसतो. हा बदल एका स्त्री-दिग्दर्शकाच्या दृष्टीचा आहे, तसाच तो कायद्याने पत्नीला दिलेल्या स्थानाचाही आहे.

तरीही या हास्याची काळी बाजू नजरेआड करता येत नाही. त्या काळी लागू असलेल्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ नुसार पत्नीला पतीविरुद्ध व्यभिचाराची फिर्याद करता येत नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने हे कलम २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवले. द्विभार्याविवाहाची फिर्यादही सहज टिकत नसे. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६५ मध्ये असा निर्णय दिला की, दुसरा विवाह आवश्यक विधींसह झाल्याचे सिद्ध न झाल्यास गुन्हा शाबीत होत नाही. म्हणजे पत्नीपुढे घटस्फोट किंवा सहनशीलता हेच पर्याय उरत. चित्रपटातील पत्नी चातुर्याचा तिसरा पर्याय शोधते, पण तो शोधण्याचे श्रम तिनेच करावयाचे असतात. चूक पतीची आणि युक्ती पत्नीची, ही विभागणी कायम राहते. शिवाय दुसऱ्या स्त्रीचा प्रेमभंग हास्याच्या गदारोळात ऐकू येत नाही. कर्पूरमंजरीची संमती जशी कोणी विचारली नव्हती, तसे या दुसऱ्या स्त्रीचे दुःखही कथेच्या कडेलाच राहते.

निष्कर्ष

१. प्रेमातील मत्सरावरील विनोद ही मराठी चित्रपटाची केवळ आयात नाही. ‘हरिविजय’ व ‘कर्पूरमंजरी’ यांच्याद्वारे वत्सगुल्म नगरीचा या परंपरेशी प्रत्यक्ष संबंध आहे.

२. अशा कथांचे पर्यवसान विवाहविषयक नियमांना धरून बदलते. बहुपत्नीत्वाच्या काळात ते दुसऱ्या विवाहात, घटस्फोटाच्या अभावी मृत्यूत आणि एकपत्नीत्वाच्या कायद्यानंतर पत्नीच्या चातुर्यात होते. देवलांनी कायद्याच्या आधी केवळ सुधारणेच्या जाणिवेतून हा क्रम बदलला, हे त्यांचे वेगळेपण होय.

३. हसण्याचा विषय बदलला तरी हास्याची किंमत प्रामुख्याने स्त्रीनेच मोजली आहे. आज द्विभार्याविवाहाचा गुन्हा १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली येतो. कायद्याची भाषा बदलली तरी मत्सर, फसवणूक व प्रेमभंग यांवरील विनोद कोणाच्या बाजूने हसतो, हा प्रश्न प्रत्येक नव्या चित्रपटाला विचारावा लागेल.

वाशीम परिसराच्या इतिहासाचे अध्यापन बहुधा ताम्रपट, वंशावळी आणि राजकीय घडामोडींपुरते मर्यादित राहते. सत्यभामेचा रुसवा आणि विभ्रमलेखेची फसगत हीदेखील या भूमीशी जोडलेली ऐतिहासिक साधने आहेत. इतिहास, मराठी, समाजशास्त्र आणि विधी या विषयांच्या अध्यापकांनी त्यांचा एकत्रित उपयोग केल्यास अनसिंगसारख्या गावातील विद्यार्थ्याला आपल्या परिसराचे एक वेगळे दालन उघडलेले दिसेल.