आतिथ्य व्यवसायातील ओळखी आणि समाजमाध्यमे

महाबळेश्वर-पाचगणीचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांत ऐन भरात असतो आणि मुसळधार पावसात ओसरतो. अशा व्यवसायात वेळेवर आचारी मिळणे आणि हंगामानंतर त्या आचाऱ्याला अन्यत्र काम मिळणे, दोन्ही ओळखींवर अवलंबून असते. २००३ साली सुरू झालेले लिंक्डइन आणि पुढे आलेले व्हॉट्सअ‍ॅपचे गट यांमुळे या ओळखी आता गावापुरत्या राहिलेल्या नाहीत.

लिंक्डइनवर ‘हॉटेलात चार वर्षे काम’ एवढी नोंद पुरत नाही. स्वागतकक्ष, हाउसकीपिंग की स्वयंपाकघर, किती खोल्यांची जबाबदारी होती, हे स्पष्ट लिहावे. पूर्वीच्या वरिष्ठांकडून अभिप्राय मागावा. अनोळखी व्यवस्थापकाकडे पहिल्याच संदेशात नोकरी मात्र मागू नये.

घरगुती निवास चालवणाऱ्यांना व्हॉट्सअ‍ॅप अधिक उपयोगी. सप्टेंबरच्या सुमारास कास पठार फुलले, की सुट्टीच्या दिवशी जादा पाहुणे परिचित व्यावसायिकाकडे पाठवता येतात. तेथील खोली अस्वच्छ निघाली, तर बोल पाठवणाऱ्यालाच लागतो! पाहुण्यांची ओळखपत्रे गटात टाकणे सर्वस्वी अयोग्य.

सातारा-सांगलीकडील तरुणांना भुरळ घालणाऱ्या, प्रवासी जहाजांवरील नोकऱ्यांच्या जाहिरातीही याच माध्यमांतून फिरतात. भरती करणाऱ्या संस्थेकडे केंद्राच्या नौवहन महासंचालनालयाचा परवाना आहे का, हे आधी तपासावे. परवानाधारक संस्थेलाही नोकरी लावून देण्याबद्दल उमेदवाराकडून शुल्क घेता येत नाही. ‘नोंदणी फी’ची मागणी झाली, की संवाद तेथेच थांबवावा.