मांडीत रॉड टाकण्याआधी स्क्रब नर्स काय तपासते?
मी धारूरची, ऑपरेशन थिएटरमध्ये स्क्रब नर्स आहे. मोडलेल्या मांडीच्या हाडात टाकतात तो रॉड म्हणजे नेल. जर्मनीच्या गेरहार्ड कुंटशरने १९३९ मध्ये ही पद्धत आणली.

पाकीट फोडण्याआधी मी डावा-उजवा पाय, लांबी, जाडी मोठ्याने वाचते. मग नेल जिगला जोडून, ड्रिल बिट जिगमधून नेलच्या वरच्या छिद्रात सरळ जातं का बघते. टेबलावर चूक सापडली तर लगेच सुधारते. हाडात गेल्यावर कळली तर स्क्रू चुकतो, नेल परत काढावा लागू शकतो. खालचे स्क्रू बहुधा सी-आर्मच्या एक्स-रे पडद्यावर बघून बसवतात.

घरात कुणाला रॉड असेल तर फाईलमधल्या इम्प्लांट स्टिकरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. पुढे रॉड काढायची वेळ आली तर त्यावरूनच योग्य हत्यारं मागवता येतात.