क्लोझापीन : सुरक्षित वापराचा इतिहास

छिन्नमानस या मनोविकारावर, विशेषतः इतर औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांच्या बाबतीत, वापरण्यात येणारे औषध. ते एकदा बाजारात आले, जीवघेण्या दुष्परिणामांमुळे मागे घेतले गेले आणि नियमित रक्ततपासणीच्या अटीवर पुन्हा स्वीकारले गेले. असा प्रवास फारच थोड्या औषधांच्या वाट्याला आला आहे.

पॅरिस येथे झां दले व प्येर देनिकेर यांनी १९५२ मध्ये क्लोरप्रोमॅझीन या औषधाचा मनोरुग्णांवरील परिणाम प्रसिद्ध केल्यानंतर या वर्गातील अनेक औषधे पुढे आली. त्यांच्यामुळे भ्रम व संभ्रम कमी होत. परंतु हातापायांना कंप सुटणे, स्नायू ताठरणे, चेहरा निर्विकार होणे अशी कंपवातासारखी लक्षणेही उद्‌भवत. ही लक्षणे दिसल्याखेरीज औषध लागू पडलेच नाही, अशी त्या काळी अनेक तज्ञांची समजूत होती. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील व्हांडर या कंपनीत १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तयार झालेल्या क्लोझापीनाने ही समजूत खोटी ठरविली. ताठरपणा जवळजवळ न आणता ते मनोविकार आवरीत असे. नेमक्या याच गुणामुळे प्रारंभी त्याच्याविषयी संशय घेतला गेला, हे मोठे चमत्कारिक आहे. व्हांडर कंपनी १९६७ मध्ये सँडोझ कंपनीकडे गेली व १९७२ पासून काही यूरोपीय देशांत हे औषध विकले जाऊ लागले.

फिनलंडमध्ये ते १९७५ च्या प्रारंभी आले. काही महिन्यांतच तेथील १६ रुग्णांच्या रक्तात गंभीर बिघाड आढळला व त्यांपैकी ८ जण दगावले. जंतूंशी मुकाबला करणाऱ्या कणयुक्त श्वेत कोशिका, त्यांतही उदासीनरंजी कोशिका, अस्थिमज्जेत तयार होणे जवळजवळ थांबते. अशा रुग्णाला साधा घसादुखीचा विकारही प्राणघातक ठरू शकतो. या विकाराला ॲग्रॅन्युलोसायटोसिस म्हणतात. फिनलंडमधील वृत्तांतानंतर अनेक देशांत औषधाची विक्री थांबली वा तिच्यावर कडक बंधने आली. मात्र ज्यांना दुसरे कोणतेही औषध लागू पडत नव्हते अशा काही रुग्णांना ते देखरेखीखाली चालू ठेवण्यात आले. औषधाचे नाव टिकले ते या रुग्णांमुळे.

फिनलंडमधील सर्व रुग्णांना हा विकार उपचाराच्या पहिल्या १८ आठवड्यांतच जडला होता. म्हणजे धोक्याचा काळ बहुतांशी ठाऊक होता, आणि कोशिकांची संख्या घटू लागताच औषध बंद केल्यास अस्थिमज्जा बहुधा पूर्ववत होते. रक्ततपासणी विकार टाळीत नाही. तो वेळीच ओळखता येतो, इतकेच. पुढील सर्व व्यवस्था या साध्या तत्त्वावर उभारलेली आहे.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत जॉन केन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पूर्वी किमान तीन औषधांचा उपयोग न झालेल्या २६८ रुग्णांवर सहा आठवड्यांची तुलनात्मक चाचणी केली. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार क्लोझापीन घेणाऱ्यांपैकी ३० टक्के, तर क्लोरप्रोमॅझीन घेणाऱ्यांपैकी केवळ ४ टक्के रुग्ण सुधारले. पुढील वर्षी औषधास मान्यता मिळाली, ती दर आठवड्याच्या रक्ततपासणीच्या अटीवर. तपासणीचा अहवाल नसेल तर पुढील आठवड्याच्या गोळ्या मिळत नसत. प्रारंभी कंपनीने औषध व तपासणी एकत्रच विकली आणि वर्षाचा खर्च सुमारे ९,००० डॉलरांवर गेला. सार्वजनिक रुग्णालयांतील ज्या रुग्णांना औषधाची सर्वांत जास्त गरज होती, त्यांनाच ते परवडेना. अनेक राज्यांनी न्यायालयात धाव घेतली व १९९१ मध्ये संघीय व्यापार आयोगानेही हस्तक्षेप केला; ही सक्तीची सांगड अखेर सोडून द्यावी लागली. सुरक्षिततेचा नियम योग्य होता. त्याची किंमत रुग्णाच्या माथी मारणे योग्य नव्हते.

तपासणीचे फळ १९९३ मध्ये आकड्यांत दिसले. ११,५५५ रुग्णांच्या पाहणीत ७३ जणांना ॲग्रॅन्युलोसायटोसिस झाला, पण मृत्यू दोघांचाच झाला. त्यानंतर नियम क्रमाने सैल झाले. ब्रिटनमध्ये पहिले १८ आठवडे दर आठवड्यास, वर्ष पुरे होईपर्यंत पंधरवड्यास व पुढे दर चार आठवड्यांनी तपासणी करण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील सक्तीची नोंदणी-व्यवस्था २०२५ मध्ये रद्द झाली. मात्र तपासणीची शिफारस कायम राहिली. भारतात अनेक कंपन्या हे औषध बनवितात. येथे तपासणी वेळच्या वेळी होणे मुख्यतः उपचार करणारे डॉक्टर व रुग्णाचे कुटुंबीय यांच्या दक्षतेवर अवलंबून असते.

रक्तावर लक्ष खिळल्यामुळे इतर धोक्यांकडे बराच काळ दुर्लक्ष झाले. पहिल्या काही आठवड्यांत हृदयाच्या स्नायूंचा दाह होऊ शकतो; धडधड, ताप वा छातीत दुखणे ही त्याची लक्षणे होत. मात्रा मोठी असल्यास झटके येतात. वजन व रक्तातील साखर वाढते. बद्धकोष्ठता क्षुल्लक वाटते. पण आतड्यांची हालचालच थांबून मृत्यू ओढवल्याची उदाहरणे आहेत व अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये याविषयीचा इशारा अधिक कडक केला. रक्तदाब एकाएकी उतरू नये म्हणून प्रारंभ १२·५ मिग्रॅ. एवढ्या अल्प मात्रेने करतात आणि दोन दिवस वा अधिक खंड पडल्यास पुन्हा तेथूनच सुरुवात करावी लागते. धूम्रपानामुळे यकृतात या औषधाचे विघटन जलद होते. त्यामुळे रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाची विडी-सिगारेट एकदम सुटली, तर नेहमीच्याच मात्रेने रक्तातील औषधाचे प्रमाण वाढून गुंगी येते, क्वचित झटकेही येतात. अशा वेळी डॉक्टरांना मात्रा कमी करावी लागते, आणि घरी परतल्यावर रुग्ण पुन्हा धूम्रपान करू लागला तर ती पुन्हा ठरवावी लागते.