दख्खनमधील बैलजोडी आणि खातेविभागणी

दख्खनच्या जिराईत शेतीत ज्वारीचे कणीस माणसाचे, कडबा बैलाचा आणि शेण पुन्हा जमिनीचे. हे चक्र चालण्यास जमिनीचा काही किमान विस्तार अवश्य असे. हॅरॉल्ड मॅन यांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेल्या, पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गावाच्या पाहणीत सरासरी खाते १७७१ मधील ४० एकरांवरून १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर उतरलेले दिसते. भावाभावांत जमीन वाटता येते, बैलजोडी नव्हे. तिची वैरण तेवढीच लागते. एकेक बैल सावडीने जुंपणे हा जुना उपाय खरा. परंतु वाफसा सर्वांच्याच रानात एकदम येतो! त्यातच चराऊ राने जंगलखात्याकडे गेली. 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात महात्मा फुले यांनी १८८३ मध्येच ही तक्रार नोंदविली होती. कडब्यावरील भार वाढला, आणि सरपणाअभावी गोवऱ्या थापल्या गेल्याने खतही चुलीत गेले.