होन, वरात आणि सरंजाम : मराठा फौजेच्या पगाराची कथा

पागेच्या जुमलेदाराला ५०० होन तैनात आणि पालखी. हजारीला १,००० होन. पंचहजारीला २,००० होन. हे आकडे कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीतले आहेत. लढायांची वर्णने वाचताना ते बहुधा नजरेआड होतात. परंतु शिवाजी महाराजांची फौज कशावर उभी होती, हे त्यांतून जितके कळते तितके क्वचितच अन्य कशातून कळेल.

रचना अशी : २५ बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी. दर २५ घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे घोड्याचे पाणी आणि घोड्याचा नाल यांचा हिशेबही पदांच्या उतरंडीइतकाच पक्का होता.

पायदळाचा दर बराच कमी. मावळ्यांच्या जुमलेदाराला सालीना १०० होन, त्याच्या सबनिसाला ४०. हजारीला ५०० होन, त्याच्या सबनिसाला १०० ते १२५. एक होन म्हणजे तीन-साडेतीन रुपये धरले, तर पायदळाचा जुमलेदार महिन्याला तीस रुपयांच्या आत येतो. प्रत्येक अधिकाऱ्याच्या पगाराशेजारी लेखणी चालविणाऱ्याचा पगार नोंदलेला आहे, हेही लक्षात घेण्याजोगे. हजेरी घेणारा माणूस स्वतंत्र असल्याखेरीज खोट्या नावांवर पगार उचलण्याला आळा बसत नाही.

बारगिराचा घोडा सरकारी; शिलेदाराचा घोडा व हत्यारे स्वतःची. शिलेदाराचा मान मोठा, पण घोडा मेला तर नुकसान त्याचे. साहजिकच लढाईत तो घोडा जपणार. महाराजांनी पागेचे बळ वाढवून शिलेदार पागेच्या हुकमतीखाली ठेवले, त्यामागे हे साधे गणित असावे.

पगार चुकता होई तो रोख किंवा वरातेने, म्हणजे हुजूरच्या वा महालाच्या खजिन्यावर काढलेल्या लेखी हुकमाने. शिपाई सरकारी जमीन कसत असेल, तर तिचा आकार रयतेच्याच दराने धरून पगारातून वजा होई. गाव तोडून मोकासा द्यायचा नाही, हा मूळ नियम. सभासद त्याचे कारणही देतो : गाव हाती आले की माणूस बळावतो आणि मग सरकारला जुमानत नाही.

लूट हा शिपायाचा भत्ता नव्हता. दसऱ्यानंतर फौज निघताना प्रत्येकाजवळच्या चीजवस्तूंची यादी होई. आठ महिन्यांनी परतल्यावर पुन्हा झाडा घेतला जाई. जास्त निघालेला ऐवज सरकारजमा करावा लागे किंवा पगारात वळता होई. अफजलखानाच्या पाडावानंतर जखमींना जखम पाहून २५ पासून २०० होनांपर्यंत रक्कम मिळाली. पडलेल्यांच्या मुलांना सांभाळले गेले, आणि ज्यांना पुत्र नव्हता त्यांच्या विधवांना निम्मे वेतन लावून दिले गेले.

विचित्र योग असा, की सभासदाने हे सारे लिहिले ते राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला. आणि नेमकी तेव्हाच ही व्यवस्था मोडत होती. रायगड गेलेला, खजिना रिता, औरंगजेब दख्खनेत ठाण मांडून बसलेला. पलीकडून मोगल मनसबी व जहागिरी देऊन माणसे ओढत होते. रोख द्यायला काही नव्हते. देता येत होती ती जमीन, तीही बहुतेक शत्रूच्याच ताब्यातली. १६९१ मध्ये घोरपड्यांना दिलेल्या पत्रात जिंकावयाच्या मुलखाची यादी महाराष्ट्रापासून थेट दिल्लीपर्यंत जाते. हा दोष म्हणावा तर त्याच सरंजामाच्या आशेवर लढलेल्यांनी राज्य वाचवले, हे विसरता येत नाही. पण बिघाड कायमचा झाला. सरदाराने मुलूख घ्यावा आणि त्याच्या उत्पन्नातून आपली फौज पोसावी, हाच पुढे रिवाज ठरला. शिपायाचा धनी आता छत्रपती नव्हे, सरदार.

पेशवाईत यावर उतारा म्हणून कर्जे आली. मोहिमेपूर्वी शिलेदाराला घोड्याच्या तयारीसाठी आगाऊ ‘नालबंदी’ द्यावी लागे, मोहिमेवर ‘रोजमुरा’ द्यावा लागे, दोन्ही रोख. पहिल्या बाजीरावाचे ब्रह्मेंद्रस्वामींच्या कर्जापायी झालेले हाल प्रसिद्धच आहेत.

पानिपतावर हा पेच उघडा पडला. इब्राहिमखान गारद्याची पलटणे महिन्याच्या महिन्याला रोख पगार घेणारी, तर भोवतालची फौज सरंजामी. दिल्लीत दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून नाणी पाडण्याची पाळी सदाशिवरावभाऊंवर आली, ती याच खर्चापायी. पुढे दिल्लीहून छावणीकडे खजिना आणणारी तुकडी वाट चुकून अफगाणांच्या तळात शिरली आणि कापली गेली. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेला काशीराज सांगतो, की लढाईच्या सकाळी इब्राहिमखान भाऊंपुढे आला. पगारासाठी मी हट्ट धरतो म्हणून आपण माझ्यावर नाराज होता. या महिन्याचा पगार मिळालेला नाही, तरी आज आमचे काम पाहा, अशा आशयाचे तो बोलला. १४ जानेवारी १७६१ च्या त्या दिवशी त्याच्या पलटणांनी रोहिल्यांची फळी फोडली. त्यांतले बहुतेक मैदानातच राहिले. खान जखमी अवस्थेत पकडला गेला आणि मारला गेला.

बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, सुमेरसिंगाचे गारदी शनिवारवाड्यात घुसले ते थकलेल्या पगाराची ओरड करीतच. कट वेगळा होता, पगार हे निमित्त होते. पण निमित्त खरे वाटण्याइतकी पगाराची थकबाकी पुण्याच्या अंगवळणी पडली होती. म्हणूनच तो गलका ऐकून, ज्याचा जीव जाणार होता त्या नारायणरावाच्या मदतीला वेळेवर कोणी धावले नाही.