ग्राप्पा

ग्राप्पा : वाइन तयार करताना मागे उरणाऱ्या द्राक्षांच्या चोथ्यापासून इटलीत गाळले जाणारे मद्य. चोथ्यात साली, बिया व काही वेळा देठ असतात. व्हेनेतो, फ्रिउली, त्रेंतीनो व पीडमाँट या उत्तरेकडील प्रदेशांत त्याची परंपरा जुनी आहे. यूरोपीय संघात हे नाव इटलीतील मद्यासाठी राखीव असून बाटलीतील मद्यार्क आकारमानाने किमान ३७.५% असावा लागतो.

निर्मिती : लाल वाइनसाठी द्राक्षरस सालींसह आंबवतात, त्यामुळे त्या चोथ्यात मद्यार्क आयताच असतो. पांढऱ्या वाइनचा रस आधीच पिळून घेतात. मागे राहिलेल्या चोथ्यात साखर असते आणि तो स्वतंत्रपणे आंबवावा लागतो. चोथा हवेवर पडून राहिला की त्यावर बुरशी चढते, तो आंबूस होतो आणि तो वास मद्यात उतरतो. शिळ्या चोथ्याचा दोष कोणत्याही भट्टीत पुरता जात नाही. चोथा घट्ट असल्याने थेट आचेवर तळाशी करपतो; म्हणून तांब्याच्या पात्रांत त्यातून वाफ सोडतात किंवा पात्राभोवती गरम पाणी खेळवतात. पीडमाँटमधील नेइव्हे येथील रोमानो लेव्ही (मृ. २००८) यांनी मात्र थेट आचेची पद्धत अखेरपर्यंत सोडली नाही; त्यांच्या बाटल्यांवरची हाताने रंगवलेली लेबले संग्राहक जपून ठेवतात. सुरुवातीचा उग्र अंश (‘तेस्ता’) व शेवटचा जड, तेलकट अंश (‘कोदा’) वेगळे काढून मधला ‘क्वोरे’ तेवढा ठेवतात. सालींतील पेक्टिनापासून मिथेनॉल तयार होते; त्याची कमाल मर्यादा शुद्ध मद्यार्काच्या दर १०० लिटरमागे १,००० ग्रॅम आहे.

इतिहास : आरंभाविषयी एकमत नाही. बास्सानो येथे ब्रेंता नदीवरील पुलाजवळ नार्दिनी घराण्याची भट्टी १७७९ मध्ये सुरू झाली. ग्राप्पा दीर्घकाळ शेतकऱ्यांचे स्वस्त, जहाल पेय मानली जाई. फ्रिउलीतील पेर्कोतो येथील नोनिनो दांपत्याने १९७३ मध्ये केवळ पिकोलित जातीच्या द्राक्षांचा चोथा वेगळा गाळला आणि एकाच वाणाच्या ग्राप्पाला प्रतिष्ठा मिळवून दिली. या व्यवसायातील ही सर्वांत मोठी घटना म्हणावी लागेल, कारण वाण वेगळा ठेवायचा तर चोथाही ताजा व निवडकच घ्यावा लागला.

प्रकार : न मुरवलेली ग्राप्पा रंगहीन असते. लाकडी पिंपांत किमान १२ महिने मुरवलेली ‘इन्व्हेक्याता’ व किमान १८ महिने मुरवलेली ‘रिझेर्व्हा’ किंवा ‘स्त्राव्हेक्या’ म्हणून विकली जाते.

सेवन : जेवणानंतर, लहान पेल्यातून पितात. एस्प्रेसोत घातल्यास त्या कॉफीला ‘काफ्फे कोर्रेत्तो’ म्हणतात.