व्हर्च्युअल मशीनमध्ये विंडोज टाकताना डिस्क ‘गायब’ का होते?

प्रॉक्समॉक्सच्या सर्व्हरवर विंडोज इन्स्टॉल करताना अनेकांना एकही ड्राइव्ह दिसत नाही. बहुतेक वेळा डिस्क ठणठणीत असते. केव्हीएम ही यंत्रणा वेगासाठी ‘व्हर्टआयओ’ प्रकारची डिस्क देते आणि तिचा ड्रायव्हर विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये नसतो. लिनक्सच्या कर्नेलमध्ये तो असतो, म्हणून त्याच सर्व्हरवर उबंटू विनातक्रार बसते!

उपाय सोपा आहे. ‘व्हर्टआयओ-विन’ची आयएसओ फाइल दुसरा सीडी ड्राइव्ह म्हणून जोडा आणि ‘लोड ड्रायव्हर’वर क्लिक करा. कंट्रोलर व्हर्टआयओ स्कझी असेल, तर ‘व्हीआयओएससीएसआय’ फोल्डरमधून आपल्या विंडोजच्या आवृत्तीचा ड्रायव्हर निवडा. डिस्क लगेच दिसते. नेटवर्कसाठी ‘नेटकेव्हीएम’ हा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो.

खरा धोका जुन्या मशीनला असतो. ते बिघडले म्हणून इन्स्टॉलेशनच्या आयएसओवरून दुरुस्तीला घेतले, तर तिथेही डिस्क दिसत नाही आणि डेटा गेला असे वाटते. घाईत मशीन ‘रिमूव्ह’ केले, की मात्र तो खरोखरच जातो. मशीनसोबत त्याच्या डिस्क पुसल्या जातात, स्नॅपशॉटही. वेगळ्या जागी घेतलेला बॅकअप तेवढा उरतो. त्यामुळे आधी ड्रायव्हर लोड करून पाहा.